आखाजीचा बार आणि नऊ वेळा 'अश्लील'

आखाजीच्या गाण्यांचा कार्यक्रम दाखवणाऱ्या एका लोकल चॅनेलविरुद्धचा तक्रारअर्ज दीड पानाचा होता. त्यात 'अश्लील' हा शब्द नऊ वेळा आला होता आणि 'मुलगी' एकदाच, शेवटून दुसऱ्या ओळीत. प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी ते नऊ शब्दच वाचले आणि त्यांना उत्तर म्हणून खुलासा तयार केला. तो एक शब्द कळायला सुनावणीचा दिवस उजाडावा लागला.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. गाव, चॅनेल, अधिकारी, पक्षकार यांची नावं इथे घेणार नाही. तालुका खान्देशातला, एवढं पुरे. दोन्ही बाजूंना विचारून लिहितो आहे.

घडलं ते असं

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. दिवाळीला लेक आली नाही तर एक वेळ चालतं, आखाजीला ती माहेरी हवीच. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, गडीमाणसं पत्ते कुटत बसतात. गौराई बोळवायला पोरी नदीवर जातात. नदीच्या पल्याड दुसरं गाव असेल तर तिथल्या पोरीही आलेल्या असतात. मग दोन काठांवरून बार सुरू होतो. अलीकडून एकीनं गाण्यातून टोला हाणायचा, पलीकडून त्याला उत्तर यायचं. सुरुवात असते ती पलीकडच्या पोरींना भाकरी थापता येत नाही, त्यांचा भाऊ म्हशीमागे धावतो अशा चेष्टेनं. ऊन चढतं तशी गाणी चढतात. सासू येते, दीर येतो, अंगाप्रत्यंगांची नावं येतात. वर्षभर खालमानेनं वावरणारी सून त्या तासाभरात पोटातलं सगळं बाहेर काढते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याबद्दल कुणी तिला जाब विचारत नाही. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी असाच बार घालतात. तो वृत्तवाहिन्यांवरही झळकतो. आमच्याकडचा मात्र नदीवरच राहतो.

त्या वर्षी तो नदीवर राहिला नाही. तालुक्याच्या गावच्या एका केबलचालकाचा स्वतःचा लोकल चॅनेल आहे. कीर्तनं, यात्रा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, लग्नाच्या हॉलच्या जाहिराती असा त्याचा कारभार. त्याच्या कॅमेरावाल्या पोरानं बार चित्रित केला. अडतीस मिनिटांचा कार्यक्रम झाला, तो त्याच संध्याकाळी साडेसातला दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी प्रांत कार्यालयात तक्रार गेली. आठवड्याभरात नोटीस आली: कार्यक्रम संहितेचा भंग सकृद्दर्शनी दिसतो, कार्यवाही का करण्यात येऊ नये याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.

चॅनेलवाले भाऊ नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "वकीलसाहेब, मशीन उचलून नेतीन का?"

त्यांची भीती पोकळ नव्हती. केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा १९९५ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे कार्यक्रम संहिता, म्हणजे काय दाखवू नये याची नियमावली, पाळावी लागते, कलम १९ खाली प्राधिकृत अधिकारी सार्वजनिक हितासाठी कार्यक्रम किंवा अख्खा चॅनेल बंद करू शकतो आणि कलम ११ खाली यंत्रसामग्री जप्त होऊ शकते. प्राधिकृत अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त. संहिताभंगासाठी होणारी जप्ती केबलचालकाच्या स्वतःच्या चॅनेलपुरतीच असावी, असं त्यात परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, आहे. कायदेशीर दृष्टीनं हे संरक्षण आहे. पण ज्याच्याकडे दाखवायला स्वतःचं म्हणून तो एकच चॅनेल आहे, त्याला त्यातून कसला दिलासा मिळणार? तुरुंगवासाची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं निघाली, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुरुंग नही, पन मशीन?"

भीतीनं एक चूक करून ठेवली होती. नोटीस आल्याबरोबर त्यांनी एडिटिंगच्या पोराला सांगून वाईट शब्दांवर बीप टाकून घेतले आणि 'सुधारित' कार्यक्रम पुन्हा दाखवला. तो पोरगा बाहेरगावचा, अहिराणी त्याला जेमतेम कळते. मी ती फाईल त्याच्याच टेबलावर बसून ऐकली. अकरा बीप होते. त्यातले दोन 'चाटू' या शब्दावर. चाटू म्हणजे लाकडी पळी. गाण्यातली सून घाटा हाटताना सासूला चाटू दाखवते, एवढंच. बीपमुळे त्या पळीचं काय झालं असेल, हे ज्यानं कार्यक्रम पाहिला त्यालाच ठाऊक. मूळ कार्यक्रमात लोक हसले होते. बीप टाकलेला पाहून लोक एकमेकांना विचारायला लागले की असं काय बोलल्या पोरी.

खुलाशात काय मांडलं

पहिला मुद्दा 'सुरुची'चा. १९९४ च्या केबल नियमांतला नियम ६, म्हणजेच ती कार्यक्रम संहिता, सुरू होतो तोच सुरुची आणि सभ्यता यांना बाधा आणणारा कार्यक्रम नको, असं म्हणून. पुढे अश्लीलतेचं स्वतंत्र उपकलम आहे, स्त्रियांच्या अवमानाचं वेगळं. आता राज्यघटनेचं कलम १९(२) पाहा. भाषणस्वातंत्र्यावर ज्या कारणांनी वाजवी निर्बंध घालता येतात त्यांची यादी तिथे आहे. सभ्यता आणि नीतिमत्ता त्यात आहेत, सुरुची नाही. त्या यादीबाहेरचं कारण, मग ते लोकहिताचं का असेना, निर्बंधाला पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९६१ साली सांगितलं, तेही पुण्याच्या 'सकाळ'च्या खटल्यात. वर्तमानपत्राची पानं आणि किंमत यांची सांगड घालणारा सरकारी आदेश तेव्हा रद्द झाला होता. एखादी गोष्ट मला बेचव वाटली म्हणून ती दुसऱ्यानं बोलू नये, असं घटना म्हणत नाही. हे मी मनापासून लिहिलं होतं आणि आजही तसंच मानतो. सुनावणीत प्रांत मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्ही हायकोर्टात मांडा. मला नियम जसा आहे तसाच वाचावा लागतो." त्यांचं बरोबर होतं.

दुसरा मुद्दा अश्लीलतेचा. इथे आपल्या कोर्टांनी बरीच वाट चाललेली आहे. १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम करताना सुप्रीम कोर्टानं १८६८ ची इंग्रजी कसोटी थोडी मुरड घालून स्वीकारली: ज्यांचं मन अशा गोष्टींना बळी पडू शकतं, त्यांना हा मजकूर बिघडवेल का? ही कसोटी लावली की सगळ्यात कच्च्या मनाचा वाचक सगळ्यांचा न्यायाधीश होतो. १९६९ मध्ये एका मराठी मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली कथा कोर्टापुढे आली. कथा दर्जाच्या दृष्टीनं डावी असेल, पण अख्खी वाचली तर अश्लील ठरत नाही, असं म्हणून लेखकाला सोडलं. १९८५ मध्ये एका बंगाली कादंबरीच्या खटल्यात ग्राम्य आणि अश्लील यांत भेद केला. २०१४ मध्ये जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवून आजच्या समाजाचं मान काय, हे पाहायचं ठरलं.

आणि २०२४ च्या मार्चमधला निकाल तर आमच्या प्रकरणासाठीच लिहिल्यासारखा वाटला. एका वेब मालिकेतल्या शिव्यांवरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शिवराळपणा आणि अश्लीलता एक नव्हे. शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असतो, पण बोलणारा तो अर्थ सांगत नसतो. त्याचा राग, वैताग, दुःख किंवा उत्साह त्यातून बाहेर पडत असतो. हे वाक्य वाचलं तेव्हा मला नदीकाठच्या पोरीच दिसल्या. त्या कुणाची वासना चाळवत नव्हत्या. त्या सासरचं वर्ष अंगावरून झटकत होत्या.

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि तो आमच्या विरुद्ध जाणारा होता. मुलांना न झेपणारा कार्यक्रम मुलं सर्वाधिक संख्येनं पाहत असतात तेव्हा दाखवू नये, असं नियम ६ मध्येच आहे. संध्याकाळचे साडेसात हीच ती वेळ. त्या वेळी लहान मुलं आजीशेजारी बसून टीव्ही पाहतात. मी भाऊंना सांगितलं, हे कबूल करून टाकू. त्यांनी केलं.

या मुद्द्याची तयारी करताना मी अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण वाचलं. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी दोनच्या सुमाराला न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रानं एका विनोदी कलावंताचं बारा मिनिटांचं भाषण लावलं. रेडिओवरून उच्चारता न येणारे शब्द कोणते, हाच त्याचा विषय. एक बाप मुलाला घेऊन गाडीतून चालला होता. त्यानं ते ऐकलं आणि काही आठवड्यांनी संघीय दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली. त्या एका तक्रारीवर प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी आयोगाची बाजू टिकली. रेडिओ न बोलावता घरात शिरतो आणि वाचता न येणारं पोरही तो ऐकू शकतं, ही दोन कारणं कोर्टानं दिली. आज तिथे रात्री दहा ते सकाळी सहा ही मोकळीक आहे. शिवाय हा असभ्यतेचा नियम हवेतून मोफत येणाऱ्या रेडिओ-टीव्हीला आहे, पैसे भरून घेतलेल्या केबलला नाही. आपल्याकडे तर सगळा कायदाच केबलच्या नावानं उभा आहे.

तो गाडीतला बाप डोळ्यांसमोर ठेवून मी युक्तिवाद बांधला. आमचा तक्रारदारही बापच. मी मानून चाललो की त्याला शब्द लागले. तिथेच मी चुकलो.

सुनावणी

प्रांतांच्या दालनात सहा-सात माणसं होतो. मत देण्यासाठी महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना बोलावलं होतं. गावाकडून एक म्हातारी आली होती. तिला सगळे जिजी म्हणतात. पन्नासेक वर्षं ती बारात पुढे असते. लॅपटॉपला छोटा स्पीकर जोडून मूळ कार्यक्रम लावला. पहिल्यांदा 'रांड' शब्द आला तेव्हा प्राचार्यांनी मान खाली घातली आणि त्याच क्षणी जिजी खुदकन हसली. सभ्यतेचं माप ठरवायला बसलेल्या त्या खोलीत एकाच शब्दाचे दोन अर्थ चार फुटांच्या अंतरावर बसले होते. समाजाचं मान पाहायचं म्हणतात, तर कुठल्या समाजाचं? प्राचार्यांच्या की जिजीच्या? मी तोच प्रश्न विचारला. मॅडमनी जिजीला बोलायला सांगितलं.

जिजी म्हणाली, "साहेब, हाई शिव्या नही. हाई गौराईनं गानं शे." मग तिनं खुर्चीतच ताठ बसून एक कडवं म्हणून दाखवलं, हलक्या आवाजात, आणि प्रत्येक ओळीला थांबून अर्थ सांगितला. सटवी आणि भवानी या शिव्या कशा झाल्या, देवीची नावंच ना ती, असंही तिनं विचारलं. कारकून लिहायचं थांबला होता.

नंतर मॅडम तक्रारदाराकडे वळल्या. "तुमची नेमकी मागणी काय? चॅनेल बंद करायचा?"

माणूस पन्नाशीचा, दोन एकर कपाशीचा धनी, त्याच गावचा, अहिराणीच बोलणारा. त्याच्या आईनं, बायकोनं हेच बार खेळलेले. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "चॅनेल ऱ्हाऊ द्या साहेब. मन्ही पोरनं तोंड तेवढं काढा."

त्याच्या मुलीचा आवाज सगळ्यांत चांगला. म्हणून कॅमेरावाल्यानं पुन्हा पुन्हा तिच्यावरच जवळून कॅमेरा नेला. कुणीतरी टीव्हीवरून मोबाईलवर चाळीस सेकंदांचा तुकडा उचलला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. पोरीची सोयरीक जवळपास ठरली होती. तिकडून निरोप आला, बैठक सध्या पुढे ढकलू. बाप अर्ज टाईप करून देणाऱ्याकडे गेला. तो म्हणाला, तोंड दिसलं याला कलम नाही, 'अश्लील' टाका, लगेच दखल घेतात. म्हणून ते नऊ वेळा.

मी खाली बसलो. आमचा सगळा खुलासा शब्दांवर होता आणि दुखणं चेहऱ्याचं होतं.

मला या प्रकरणातून हेच सांगायचं आहे. सरकारनं असभ्यतेचं दार सताड उघडं ठेवलं आहे. तिथे अर्ज केला की यंत्रणा हलते. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं, पण तो हक्क घेऊन दोन एकरवाल्या शेतकऱ्यानं तालुक्यात कुठल्या टेबलापुढे उभं राहायचं? त्याला चालता येईल अशी वाट एकच दिसली, आणि त्या वाटेनं जाताना त्यानं आपल्याच आईच्या गाण्याला अश्लील म्हटलं. पोरीच्या परवानगीचा प्रश्न होता. तो पोरीच्या तोंडच्या शब्दांचा झाला. कुणी तिला एकदा विचारलं असतं, बाई, हे दाखवू का, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणखी एक. हाच कार्यक्रम मोठ्या उपग्रह वाहिनीनं दाखवला असता तर काय झालं असतं? २०२१ च्या दुरुस्तीनं त्यांच्यासाठी तीन पायऱ्या झाल्या आहेत. वाहिनीनं चोवीस तासांत तक्रारीची पोच द्यायची, पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील, तिथे साठ दिवस. मग मंत्रालयाची आंतरविभागीय समिती. त्या वाटेवर बोलायला वेळ असतो, वकील असतात. आमच्या भाऊंच्या वाट्याला मात्र थेट प्रांतांची नोटीस आणि सात दिवस. १९९५ मध्येच, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालानं प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं आणि त्यांच्या नियंत्रणासाठी केंद्र सरकारनं स्वायत्त संस्था उभारावी, असा आदेश दिला. वाहिन्यांवर काय दिसावं हे पाहणारी तशी संस्था अजून झालेली नाही. आमच्या प्रकरणात अधिकारी समजूतदार होत्या. उद्या तिथे कोण असेल त्यावर पोरींनी काय गावं हे ठरू नये.

आदेश आणि नंतर

आदेश दोन पानांचा निघाला. बंदी नाही, जप्ती नाही. कार्यक्रम अश्लील ठरत नाही, मात्र वेळ चुकली म्हणून समज दिली. असे कार्यक्रम रात्री उशिरा दाखवावेत आणि ओळखू येतील अशा चेहऱ्यांसाठी आधी लेखी संमती घ्यावी, अठरा वर्षांखालील असतील तर पालकांची, असं नमूद केलं. आदेशातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते कुठल्या नियमात नव्हतं, त्या दालनात टोपी फिरवणाऱ्या माणसामुळे आलं. भाऊंनी बापाच्या हातात हात घेऊन माफी मागितली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुकडा काही कुणाला परत घेता आला नाही.

आम्ही प्रकरण जिंकलो, असं कोर्टात सगळे मला म्हणत होते. पुढच्या आखाजीला भाऊंनी कॅमेरा पाठवला नाही. कुणी मनाई केली नव्हती. ते म्हणाले, "नको वकीलसाहेब, परत कोन खुलासे लिही?" त्या संध्याकाळी साडेसातला त्यांच्या चॅनेलवर सिनेमाची गाणी होती, कंबर हलवणारी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेली. त्यावर तक्रार आली नाही. हे मला फार लागलं. ज्या भाषेत आमच्या बायका वर्षातून एकदा मोकळ्या होतात, तीच भाषा पडद्यावरून पहिली गेली, आणि ती काढायला कुणाला आदेशही द्यावा लागला नाही.

मूळ चित्रीकरण माझ्या कपाटात आहे. जिजीला त्याची प्रत हवी आहे. तिच्या मागे ही गाणी कुणाला येत नाहीत. आदेशाप्रमाणे सगळ्यांची संमती घ्यायची म्हणून गेल्या काही महिन्यांपासून ती आणि मी घरोघर फिरतो आहोत. चेहरे ओळखू येतात अशा तेवीस जणी आहेत. चौदा सह्या झाल्या. चौघींनी नाही म्हटलं, त्यांचे चेहरे झाकायचे. काहींचं सासर गुजरातेत, त्या येत्या आखाजीला भेटतील.

त्या मुलीचं लग्न झालं, दुसरीकडे. मागच्या महिन्यात ती माहेरी आली होती. कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो दोनदा वाचला, नवऱ्याला विचारू का असं जिजीनं म्हटल्यावर नको म्हणाली, आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: आवाज ठेवा, तोंड नको.